पलंग माझ्या भावाला

माझे नाव, वय, पत्ता आणि ओळखपत्राचा तपशील वकीलबाईंनी पहिल्या पानावर घातला आहे. ते पान त्यांचे. या पानापासून मी बोलते आहे आणि त्या टाइप करत आहेत. मध्येच त्यांनी भुवया उंचावल्या तरी मजकूर बदलायचा नाही, असे आमचे ठरले आहे.

मी लिहून ठेवते की हे मृत्युपत्र मी माझ्या मर्जीने करत आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही, कोणी धाक दाखवलेला नाही. करू नकोस म्हणणारेच जास्त होते. माझी स्मृती शाबूत आहे. डॉक्टरांनी खात्री करून घेण्यासाठी मला काल काय जेवलात ते विचारले. ते मी सांगितले. पुढे माझ्या भावाने कोणत्या साली कोणाशी काय केले तेही सांगायला लागले, तेव्हा डॉक्टर पुरे म्हणाले आणि त्यांनी दाखला दिला.

याआधी मी लेखी मृत्युपत्र केलेले नाही. रागाच्या भरात तोंडी पुष्कळदा केले आहे. ती सर्व रद्द समजावीत.

कलम १. मी कोण आणि माझे यजमान कोण

मी बांधकामावर क्रेन चालवत होते. वडील गवंडी, भाऊ कंत्राटदार. भावाने पहिली क्रेन भाड्याने आणली तेव्हा ती चालवायला आलेला माणूस अर्ध्या शिडीवर डोळे मिटून बसला आणि त्याला दोघांनी धरून खाली उतरवले. मी सायटीवर हिशेबाचे काम करायचे. मी वर चढून गेले, खाली पाहिले आणि मला तिथे फार बरे वाटले. पुढे रीतसर शिकले, परवाना काढला. सगळी कारकीर्द मी त्या काचेच्या खोलीत काढली. खालचे लोक मला मुंगीएवढे दिसायचे, आणि मुंग्यांच्या तक्रारी वायरलेसवर ऐकू यायच्या.

माझे यजमान, म्हणजे हे, परांच्या बांधायचे. भिंत उभी राहण्याआधी तिच्याभोवती लोखंडी नळ्यांचा जो सांगाडा उभा राहतो, तो ह्यांचा. लग्नाचे विचारायला हे परांचीच्या टोकावर चढून माझ्या काचेसमोर आले होते. म्हणाले, "बायका लग्नानंतर डोक्यावर बसतात म्हणे. तू तर आधीपासूनच बसलीयेस. मग उशीर कशाला?"

सायटीवर ह्यांच्या बोलण्याची वाट पाहिली जायची. आर्किटेक्ट नकाशा उलटा धरून उभे होते, तेव्हा हे शांतपणे म्हणाले, "साहेब, असंच बांधू या का? तळमजल्यालाच गच्ची येईल, लिफ्ट वाचेल." आर्किटेक्टने नकाशा सरळ केला आणि तेही हसले. सुताराला सांगायचे, "तुझं दार आणि तुझं तोंड, दोन्ही एकदा मिटलेली बघायची आहेत." प्लास्टर करणारा एक होता, त्याची भिंत मध्येच पोट काढायची. ह्यांनी भिंतीवरून हात फिरवला आणि गंभीर चेहऱ्याने विचारले, "कितवा महिना?" त्या दिवसापासून त्या माणसाला सगळे सुईण म्हणू लागले. त्याच्या घरीसुद्धा म्हणतात. पुढे त्याच्या भिंती काचेसारख्या सपाट झाल्या, तरी नाव राहिले.

बांधकामावरचा विनोद असा असतो. दिवसभर ऊन, धूळ, उंची, आणि कधीही काहीही पडू शकते हे सगळ्यांना माहीत असते. त्यावर कोणी बोलत नाही, म्हणून बाकी सगळ्यावर बोलतात. ह्यांचा एक नियम होता. ज्याची टर उडवायची तो समोर हवा आणि त्याला उलटून बोलता यायला हवे. सुईणीने एकदा ह्यांना सुनावले होते, "मी निदान भिंत मागे ठेवून जातो. तू बांधतोस आणि सोडून नेतोस. तुझं आयुष्यात राहणार काय?" त्यावर हे आठवडाभर खूश होते.

कलम २. हत्यारे

ह्यांचा क्लॅम्प आवळायचा पाना, कमरेचा पट्टा आणि माझे क्रेनचे हातमोजे माझ्या लेकीला द्यावेत. ती कचेरीत बसते, तिला यातले काही लागणार नाही. तरी घ्यावेत. पाना दारामागे खिळ्याला टांगावा. त्याला तेल लावायला विसरू नये.

ह्यांचे पिवळे हेल्मेट मुकादमाला द्यावे. मुकादम अजून हयात आहे आणि भावाच्या पगारावर आहे. हेल्मेटवर मागच्या बाजूला लाल रंगात एक शब्द लिहिलेला आहे. तो त्याच्याच हातचा आहे, म्हणून त्याची वस्तू त्याला परत. तो शब्द कोणता, ते पुढच्या कलमात येते.

कलम ३. पडण्याविषयी

माझ्या भावाच्या सायटीवर इमारतीच्या मागच्या अंगाला ह्यांनी परांची बांधली होती. परांची नुसती उभी राहत नाही; तिला जागोजागी भिंतीशी बांधून घ्यावे लागते. ते बांध सोडले तर ती दिसते तशीच, पण कोणाच्याही भरवशाची नसते. त्या सकाळी भावाला पुढच्या अंगाला घाई होती, कारण फ्लॅट बघायला गिऱ्हाइके यायची होती. पुढची परांची पुरी करायला सामान कमी पडत होते. दोन मजूर मागे गेले आणि ह्यांनी घातलेले बांध सोडून पुढे घेऊन आले. ते मी माझ्या डोळ्यांनी वरून पाहिले. हे त्या वेळी गेटवर नळ्या उतरवून घेत होते.

मी वायरलेसवर ओरडले. मुकादम म्हणाला, "ताई, बघतो." ह्यांच्याकडे वायरलेस नव्हता. थोड्या वेळाने हे मागे आले आणि रोजच्यासारखे चढू लागले. मी भोंगा वाजवला. हे अर्ध्यावर थांबले, त्यांनी माझ्या काचेकडे मान वर केली. त्यांना वाटले मी हाक मारते आहे. त्यांनी हात उंच करून हलवला.

मग परांची भिंतीपासून सुटली. हळू सुटली. मला ती सगळी दिसली.

हे पडले, पण वाचले. कंबर आणि डावा पाय मोडला तो मोडलाच. सरकारी चौकशी झाली. साहेब आले, टेबल लावले, सगळ्यांना बोलावले. मी जे पाहिले ते सांगितले. साहेबांनी विचारले, "बांध सोडायला कोणी सांगितलं?" ते मला वरून ऐकू आले नव्हते आणि मी तसेच सांगितले. ते दोन मजूर तोवर कुठे गेले होते कोणालाच ठाऊक नव्हते. मग साहेबांनी भावाला विचारले, "तुमचं काय म्हणणं? माणूस पडला कसा?"

माझा भाऊ खुर्चीत मागे रेलला आणि म्हणाला, "साहेब, तो पडला कुठे? दुपारची वेळ, वारा छान. त्याला वाटलं घरीच पलंगावर आहे. त्यानं कूस बदलली."

पहिल्यांदा साहेब हसले. त्यांनी हातातले पेन खाली ठेवले आणि रुमालाने डोळे पुसले. मग मुकादम हसला. मग भिंतीला टेकून उभे असलेले सगळे, ज्यांनी ह्यांच्या जिवावर रोज उंचीवर काम केले होते ते सगळे. विनोद चांगला होता, हे मी मान्य करते. मला विनोद कळतो. म्हणूनच त्याने काय केले तेही मला तिथल्या तिथे कळले. साहेबांनी पेन पुन्हा उचलले तेव्हा कागदावर आले, कामगाराचा स्वतःचा निष्काळजीपणा.

सकाळची वेळ होती. दुपार नव्हती. हे कोणी विचारलेसुद्धा नाही.

मुकादमाने तो विनोद आटोपशीर केला. हे काठी घेऊन पहिल्यांदा सायटीवर आले, भावाने दया म्हणून दिलेल्या चौकीदाराच्या कामावर, तेव्हा हेल्मेटवर लाल रंगात लिहून तयार होते: कूसराव. पुढे सगळे तेच म्हणायला लागले. "काय कूसराव, आज कुठल्या कुशीवर?" गेटमधून सिमेंटची गाडी आत घेताना ड्रायव्हर म्हणायचे. नवे लोक यायचे, त्यांना ह्यांचे खरे नाव माहीतच नसायचे. आमच्या लेकीला शाळेत विचारत, तू कूसरावांची का.

हे उत्तर देत नसत. ज्या माणसाला चार शब्दांत कोणालाही गप्प करता यायचे, तो गप्प झाला. मी एकदा चिडून म्हटले, "एकदा तरी उलटून बोला ना." हे म्हणाले, "काय बोलणार? बोललो तर म्हणतील, जागा झाला."

चौकशीच्या साहेबांना, ते जिथे असतील तिथे, माझे निळे पेन पाठवावे. चांगले चालते. सोबत एक ओळ घालावी: हे खाली ठेवू नका.

कलम ४. केबिन

हे कलम मिळकतीचे नाही, पण ते असल्याशिवाय पुढचे समजणार नाही, म्हणून वकीलबाईंच्या सल्ल्याविरुद्ध घालते आहे.

मी भावाच्याच क्रेनवर काम करत राहिले. घरात एक माणूस पलंग आणि काठी यांच्यामध्ये अडकलेला, मूल शाळेत. दुसरीकडे कोण घेणार होते? भाऊ लोकांना सांगायचा, घरचीच आहे, सांभाळून घेतो.

सायटीवर त्याची कचेरी म्हणजे पत्र्याची केबिन होती. चारी कोपऱ्यांना कड्या; काम सरकेल तशी ती क्रेनने उचलून दुसरीकडे ठेवायची. एका दुपारी मुकादमाने मला केबिन पुढच्या कोपऱ्यात हलवायला सांगितले. खालच्या माणसाने हुक लावले आणि हात केला. मी उचलली.

माझा भाऊ आत जेवून झोपला होता.

मला ते माहीत होते का, असे नंतर विचारण्यात आले. मी सांगितले की वरून पत्र्याचे छप्पर दिसते, आतला माणूस दिसत नाही. हे खरे आहे. त्याचे बूट दाराबाहेर काढून ठेवलेले मला दिसत होते, पण बुटांबद्दल मला कोणी विचारले नाही.

चौथ्या मजल्याच्या स्लॅबपर्यंत मी ती नेली. हे तिथूनच पडले होते. तिथे थांबवली. केबिनचे दार उघडले, भाऊ बनियनवर बाहेर डोकावला आणि चौकटीला दोन्ही हातांनी चिकटला. मी वायरलेसचे बटण दाबले. सायटीवरच्या प्रत्येक संचातून माझा आवाज आला.

"दादा, हलू नकोस. कूस बदलू नकोस."

मग एका कोपऱ्यातून कोणीतरी फुटले, आणि मग सगळी सायट हसली. सळ्या बांधणारे, विटा वाहणाऱ्या बाया, पाण्याचा टँकरवाला, सगळे. लोक खाली बसून हसत होते. मी थर्मासमधला चहा ओतून घेतला, सावकाश प्याले, आणि केबिन नव्या जागी अंडे ठेवावे तशी ठेवली.

संध्याकाळी मला कामावरून काढले. त्याचे काही वाटले नाही. मला वाटले होते की आता नाव त्याला चिकटेल. पण दुसऱ्या दिवशी सायटीवर त्याला सगळे पूर्वीसारखेच शेठ म्हणत होते. आठवड्याने कोणी ती गोष्ट काढीनासे झाले. तेव्हा मला समजले. पगार देणाऱ्याला टोपणनाव चिकटत नाही. प्लास्टरला ओली भिंत लागते. कोरड्यावर मारले की पडून जाते.

घरी येऊन मी ह्यांना सगळे सांगितले. मला वाटले, आज तरी हसतील. हे नीट ऐकत होते. शेवटी विचारले, "चारही हुक नीट लावले होते ना?" मी हो म्हटले. "मग बरं," म्हणाले आणि भिंतीकडे तोंड केले.

कलम ५. पलंग

ह्यांचा लोखंडी पलंग, गादी आणि दोन्ही उशांसह, माझ्या भावाला द्यावा.

शेवटच्या आजारात हे याच पलंगावर होते. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून अंगाची बाजू बदलावी लागते. घरी यायची ती नर्स कोवळी, मनमिळाऊ, तिला आमचे काही ठाऊक नव्हते. ती रोज म्हणायची, "काका, आता जरा कूस बदलायची हं." हे पलंगाची दांडी घट्ट धरायचे आणि माझ्याकडे बघायचे. तिला वाटायचे दुखते म्हणून. एकदा तिने लाडाने विचारले, "एवढं काय घाबरता?" तेव्हा हे म्हणाले, "पडेन." एवढेच.

शेवटी मी तिला सांगितले की तो शब्द वापरू नकोस, नुसते "या इकडे" म्हण. जखमा व्हायच्या त्या झाल्याच.

तेव्हा हा पलंग भावाच्या झोपण्याच्या खोलीत पोचता करावा. टेम्पोचे भाडे माझ्या पैशातून द्यावे, त्याच्यावर बोजा नको. दांडीवरचा रंग जिथे हाताने घासून गेला आहे, ती बाजू भिंतीकडे न ठेवता खोलीकडे ठेवावी. पलंग नाकारायचा असेल तर त्याने तसे लिहून द्यावे आणि कारण लिहावे.

कलम ६. माझी लेक

बँकेतली सगळी शिल्लक, घरातली भांडी, कपाट, शिवणयंत्र आणि ह्यांचे फोटो लेकीला. यात कोणाचाही वाटा नाही.

घर तिला दिलेले नाही. ते का, हे तिला माहीत आहे, पण लोक तिला विचारतील म्हणून लिहिते. मी तिच्यावर रागावलेली नाही. तिच्या शिक्षणाला मामाने हातभार लावला, आणि तिला मामाची माया आहे. मी ती तोडायला कधी सांगितले नाही. गेल्या खेपेला ती आली होती, तेव्हा आमचे बोलणे झाले.

"आई, मामा आता थकलाय गं," ती म्हणाली.

"मग लवकर खरं बोलायला हवं. नंतर दम पुरायचा नाही."

"एका विनोदासाठी तू सगळं आयुष्य घालवलंस."

"माझं नाही गेलं. मी क्रेन चालवली, तुला वाढवलं, चांगली जगले. बाबांचं गेलं."

ती कप विसळून आली. मग म्हणाली, "घर मला दिलंस तर मी मामाला विकेन. खोटं कशाला बोलू?"

लेक सरळ आहे, याचा मला अभिमान आहे. म्हणून घर तिला नाही.

कलम ७. घर

माझे दोन खोल्यांचे घर आणि पुढचे अंगण ही माझी स्वतःची मिळकत आहे. मूळ जागा वडिलांची. त्यांनी कोपरा मला आणि बाकीची भावाला बक्षीसपत्राने दिली. भावाने आपल्या भागावर उंच इमारत बांधली. माझा कोपरा तिच्या फाटकाच्या तोंडाशी येतो. त्यामुळे तिथल्या लोकांना गाडी उलटी घेत आत जावे लागते आणि रोज कोणीतरी कुंपणाला घासते. शेजारी त्याने दुसरी इमारत काढली आहे. तिचा रस्ता माझ्या अंगणातून गेला नाही तर तिला वरचे मजले बांधायची परवानगी मिळत नाही.

भाऊ स्वतः आला होता. खूप दिवसांनी माझ्याकडे बसून चहा प्यायला.

"अगं, लोकांना मागं बघत बघत गाडी आत घ्यावी लागते," तो म्हणाला.

"मागं बघायची सवय चांगली."

"थट्टा पुरे. किती हवेत ते सांग. म्हणशील तो आकडा."

"आकडा नको. एक काम कर. नव्या सायटीवर डब्याच्या सुट्टीत उभा राहा आणि सगळ्यांना सांग की बांध तू सोडायला लावलेस."

तो खरोखरच चकित झाला. "अजून ती गोष्ट? अगं, तो विनोद होता."

"विनोद होता म्हणूनच टिकला. नुसतं खोटं असतं तर लोक विसरून गेले असते."

त्याने कप खाली ठेवला. "मी सांगितलं नव्हतं कोणाला बांध सोडायला," तो म्हणाला, आणि ते माझ्याकडे न बघता म्हणाला.

तरी हे घर आणि अंगण मी प्लास्टर करणाऱ्या सुईणीला देत आहे. ह्यांनी सगळ्यात जास्त टर ज्याची उडवली तो हा माणूस. त्याला नाव ह्यांच्यामुळे पडले आणि ते जन्माचे पडले. उट्टे फेडायची संधी आली तेव्हा सगळी सायट कूसराव म्हणत असताना हा एकटा ह्यांना खऱ्या नावाने हाक मारत राहिला. रोज गेटवर थांबायचा आणि मुद्दाम मोठ्याने, पूर्ण नावाने. मी एकदा त्याला कारण विचारले. तो म्हणाला, "ताई, माझ्या नावावर तो माझ्या तोंडावर हसला, आणि मला शिव्या द्यायला मोकळं सोडलं. हे काय तसं आहे?"

घराबद्दल त्याला मी आधीच विचारले आहे. म्हटले, "घर देते, पण त्याच्यासोबत भांडण येतं."

त्याने भिंतीवर बोटांनी ठोकून पाहिले. "ओल आहे का?"

"आहे."

"मग घेतो. कोरडं घर मला कोण देणार?"

घर त्याच्यानंतर त्याच्या मुलीचे. अट एकच, आणि ती दोघांनाही लागू आहे. माझ्या भावाला, त्याच्या मुलांना, त्याच्या कंपनीला किंवा त्यांच्या वतीने कोणालाही या जागेतली वीतभरही विकू नये, भाड्याने देऊ नये, वापरू देऊ नये. अंगणात बाज टाकून बसावे. गाड्या उलट्या जाताना बघाव्यात. त्यावर जे सुचेल ते बोलावे. सुईणीला आता चांगले सुचते.

अट सुटण्याचा एकच मार्ग ठेवते. माझ्या भावाने चालू सायटीवर, दुपारी लोक डबे उघडून बसलेले असताना, परांचीवर चढून पुढील वाक्ये म्हणावीत: "मागच्या परांचीचे बांध मी सोडायला सांगितले. तो झोपला नव्हता. तो काम करत होता." नंतर ह्यांचे पूर्ण नाव घ्यावे. त्याला ते आठवत नसेल तर सुईणीने खालून सांगावे. आधी किंवा नंतर दुसरे काही बोलू नये. कोणी हसले तर ते धरले जाणार नाही, पुन्हा म्हणावे. हे घडल्यावर रस्त्यापुरते अंगण त्याला बाजारभावाने देण्यास सुईण मोकळी आहे.

परांची नीट बांधलेली आहे ना, हे चढण्याआधी सुईणीने बघून घ्यावे. मला तो पडायला नको आहे. तो बोलायला हवा आहे.

कलम ८. माझ्या अंत्यविधीविषयी

भावाला निरोप द्यावा आणि पुढे बसवावे. त्याला बोलू देऊ नये. अशा ठिकाणी तो गेलेल्या माणसाच्या दोन-तीन गमती सांगतो आणि लोकांना रडता रडता हसवतो; त्याची त्याबद्दल ख्याती आहे. माझ्या बाबतीत हे चालणार नाही. तो उठून उभा राहिला तर वकीलबाईंनी हे कलम मोठ्याने वाचावे.

ह्यांच्या वेळी तो बोलला होता. म्हणाला, "आता मात्र शांत झोपा." पाच-सहा जण ओठ दाबून हसले. ते कोण, मला माहीत आहे. त्यांना या मृत्युपत्राने काहीही दिलेले नाही, एवढे त्यांनी वाचून घ्यावे.

कलम ९. वहिनी

माझ्या आईच्या सोन्याच्या दोन बांगड्या भावाच्या बायकोला, माझ्या वहिनींना, द्याव्यात. त्यांच्याशी माझे भांडण नाही. त्या ह्यांच्या आजारात मागच्या दाराने येऊन बसायच्या आणि काही न बोलता जायच्या. त्या का येतात ते मी विचारले नाही.

कलम १०. हे कलम सह्या झाल्यावर, त्यांच्या वर उरलेल्या जागेत हाताने लिहिले आहे

वरचा मजकूर छापून झाला आणि आम्ही डॉक्टरांची व शेजारच्या गुरुजींची साक्षीला वाट बघत होतो, तेवढ्यात वहिनी आल्या. या वेळी पुढच्या दाराने आल्या. भावाने पाठवले होते. मृत्युपत्र करते आहे हे त्याला लेकीकडून कळले होते. वहिनी म्हणाल्या, "वन्सं, एकदा विचार करा, असं सांगायला पाठवलंय मला. सांगितलं." मग विचारले, "मी वाचू का?"

मी कागद दिले. त्यांनी चष्मा लावून सगळे वाचले. पलंगाच्या कलमापाशी थांबल्या, परत मागे गेल्या, पडण्याचे कलम पुन्हा वाचले. वाचून झाल्यावर कागद मांडीवर सारखे केले आणि वकीलबाईंना म्हणाल्या, "साक्षीदार म्हणून मी चालते का?"

वकीलबाई म्हणाल्या, "चालता. पण साक्षीदाराने यातून काही घेणं बरोबर नाही. तुमच्या नावावर बांगड्या आहेत."

"खोडा."

"वहिनी, आईच्या आहेत," मी म्हटले.

"मुलीला द्या. खोडा हो."

वकीलबाईंनी कलम ९ मधली बांगड्यांची ओळ खोडली. बांगड्या आता लेकीला. खाडाखोडीवर मी सही केली आहे. गुरुजींना नको म्हणून निरोप पाठवला. डॉक्टर आले. मी त्या दोघांच्या देखत सही केली, मग डॉक्टरांनी केली. वहिनींनी पेन घेतले आणि सही करायच्या आधी लिहायला लागल्या. वकीलबाई म्हणाल्या की साक्षीदाराने नुसती सही करायची असते, मजकूर लिहायचा नसतो. वहिनी म्हणाल्या, "मग सहीच्या वर एवढी जागा कशाला सोडलीत?" आणि लिहीत राहिल्या.

लिहून झाल्यावर मी विचारले, "घरी काय सांगाल?"

"जेवायला वाढेन आणि सांगेन," त्या म्हणाल्या.

त्यांनी लिहिले आहे ते खोडायचे नाही, असे मी बजावून ठेवते.

मृत्युपत्र करणारी: सही

ठिकाण: माझ्या घराची पुढची खोली
दिनांक: चौदा मार्च, शुक्रवार, दुपार

साक्षीदार पहिला: सही (डॉक्टर. सही करणारी पूर्ण शुद्धीवर आहे आणि तिने माझ्यासमोर सही केली.)

साक्षीदार दुसरी: कलम ३ वाचले. त्या सकाळी मी डबा घेऊन सायटीवर गेले होते आणि केबिनच्या दारात उभी होते. बांध सोडून आणा, असे माझ्या नवऱ्याने त्या दोन मजुरांना माझ्यासमोर सांगितले. त्यातला एक म्हणाला होता, शेठ, मागे माणूस चढेल. माझा नवरा म्हणाला, चढला तर बघू. हे मी ऐकले. चौकशीला मला कोणी बोलावले नाही आणि मी गेले नाही. आता कोणीही बोलावले तरी येईन.
सही (मृत्युपत्र करणारीच्या भावाची बायको)